एकटीनें केलेला प्रवास

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली म्हणजे आमच्या अंबाजोगाईच्या घरांत पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. श्रीयोगेश्वरी ही कोंकणस्थांच्या कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी. तिच्या उत्सवास पुण्यामुंबईचे आप्तेष्ट येतात, कुलधर्म करितात, आणि दोन दिवसांनीं गाडीची वेळ झाली म्हणून घाईघाईनें निघून जातात. गेल्या उत्सवांत मात्र एक पाहुणी गेली नाहीं. ती आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची नात. वय चोवीस; पुण्यास एका कचेरींत संगणकावर काम करिते. मंडळी सामानाची बांधाबांध करीत असतां ती माजघराच्या दारांत उभी राहून म्हणाली, "आजोबा, मी चार दिवस मागें राहणार आहें. अंबाजोगाई नीट पाहणार आहें, आणि भोंवतालचीं खेडींही. एकटी."

"एकटी म्हणजे? सोबत कोण?" आमच्या वहिनींनीं विचारिलें.

"एकटी म्हणजे एकटीच, आजी."

तिची सर्व तयारी पाठीवरच्या एका पिशवींत मावलेली होती: दोन पोषाख, एक चादर, पाण्याची बाटली, वही आणि मोबाइल. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वयांत आलेल्या मुली आहेत, त्यांस त्यानंतरचा अर्धा तास वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. शेवटीं निकाल आमच्याकडे आला. आम्ही जुने मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों, आणि तीस वर्षें मुलांना संस्कृत व इतिहास शिकवून निवृत्त झालों. अशा माणसास घरांत न्यायाधीश नेमितात, तो त्याच्या शहाणपणामुळें नव्हे. तो दिवसभर घरींच असतो म्हणून.

आमच्याही मनांत प्रथम नकारच होता, हें कबूल करितों. परंतु नकारास कांहीं जुना आधार शोधूं लागलों, तों तो सांपडेना. जें सांपडलें तें मुलीच्याच बाजूचें. महानुभावांच्या लीळाचरित्राचे तीन भाग आहेत. त्यांतील पहिल्याचें नांवच मुळीं 'एकांक'. भक्तपरिवार जमण्यापूर्वीं श्रीचक्रधरस्वामी एकटे हिंडत होते, त्या काळच्या ह्या लीळा. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं त्या माणसामाणसांस विचारून गोळा केल्या. ह्याच पंथाची 'स्थानपोथी' पाहावी. स्वामी ज्या गांवीं, ज्या देवळांत उतरले, तेथील दार कोणत्या दिशेस, कोणतें देऊळ कशाच्या शेजारीं, ह्याच्या नोंदी तींत आहेत. मराठी गद्य अगदीं बाल्यावस्थेंत असतांनाच रस्त्यावर पडलें आणि गांवोगांव विचारीत फिरलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. काश्मीरचा बिल्हण कवि तर घर सोडून मथुरा, कनोज, प्रयाग, काशी करीत करीत दक्षिणेंत कल्याणीस चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारीं येऊन पोंचला. 'विक्रमांकदेवचरिता'च्या अठराव्या सर्गांत त्यानें आपली ही भटकंती स्वतःच सांगितली आहे.

हें सर्व आम्ही मोठ्या उत्साहानें सांगत होतों. वहिनी वाती वळीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळे पुरुष."

आम्हीं आनंदीबाई जोशांचें नांव काढिलें. १८८३ सालीं, अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून ही बाई वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेली.

"आणि परत येऊन एकविसाव्या वर्षीं वारली," वहिनी म्हणाल्या.

ह्यावर आम्ही निरुत्तर झालों. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग वहिनींनींच वातींचें तबक बाजूस सारिलें. "मला ह्या घरांत येऊन पन्नास वर्षें झालीं. देवीच्या देवळापलीकडे मी कधीं एकटी गेलें नाहीं. मुकुंदराजांची समाधि एवढी जवळ, ती पाहिली तीही दोनदां, आणि दोन्ही वेळां पाहुण्यांचे डबे संभाळीत. जाऊं दे तिला. रात्रीं कुठें आहे तेवढें कळलें पाहिजे."

असा निकाल न्यायाधीशाच्या हातून निसटून गेला. आम्हीं केवळ अटी ठरविल्या. सूर्यास्तापूर्वीं रात्रीचें ठिकाण नक्की करून घरीं कळवावें. वाट विचारावयाची ती शक्यतों एखाद्या वयस्क बाईस विचारावी. आणि कोणाच्या घराचें वा माणसाचें छायाचित्र परवानगीवांचून घेऊं नये. तिची अट एकच होती. "माझ्या आधीं तुमचा फोन पोंचतां कामा नये. मी येणार म्हणून कोणाला सांगून ठेवायचें नाहीं." आम्हीं 'बरें' म्हटलें. हा 'बरें' वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढची हकीकत त्याचीच आहे.

पहिले दोन दिवस ती गांवांतच हिंडली. संध्याकाळीं परत येऊन ओसरीवर बसे आणि वही उघडून प्रश्न विचारी. हत्तीखान्याचीं लेणीं पाहून आली त्या दिवशीं तिनें देवीच्या लग्नाची कथा वहिनींकडून पुन्हां ऐकली: परळीच्या वैजनाथाशीं विवाह ठरला, वऱ्हाड निघालें, मुहूर्त टळला, वऱ्हाडी दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. लहानपणीं तिनें ही कथा दहा वेळां ऐकली असेल. ह्या वेळीं ती म्हणाली, "म्हणजे आपली कुलदेवताही एकटीच राहिली, आजी." वहिनींनीं हात जोडले; उत्तर दिलें नाहीं.

खोलेश्वराच्या शिलालेखांविषयीं तिनें विचारिलें तेव्हां आम्हांस सांगण्यास पुष्कळ होतें. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापति. येथील सकळेश्वराच्या, लोक ज्यास बाराखांबी म्हणतात त्या देवळाचा लेख शके ११५०, म्हणजे इसवी सन १२२८ चा. त्यानंतर बारा वर्षांनीं, १२४० मध्यें, दुसरा लेख कोरला गेला. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारींत पडला होता; त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधविलें, हें त्या लेखावरून कळतें. लढाई बापाची आणि भावाची. पण त्या भावाचें स्मरण आठशें वर्षें टिकलें तें बहिणीनें दगडावर लिहवून ठेवलें म्हणून. मुलीनें हें वहींत उतरून घेतलें आणि 'लक्ष्मी' ह्या नांवाखालीं रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशींच्या तिच्या एकटीच्या प्रवासांत एक सोबतीण होती. मुकुंदराजांच्या समाधीस ती वहिनींना रिक्षांत घालून घेऊन गेली. शके १११० मध्यें विवेकसिंधु रचणाऱ्या ह्या आद्य कवीच्या समाधीपाशीं, बालाघाटाच्या दरीकडे तोंड करून, वहिनी दोन तास नुसत्या बसून होत्या असें कळलें. परत आल्या त्या दिवशीं त्या कोणाशीं विशेष बोलल्या नाहींत. फक्त म्हणाल्या, "डबा नेला नव्हता. बरें वाटलें."

त्याच रात्रीं मुलीनें विचारिलें, "उद्यां धर्मापुरीला जातें आहें. आजोबा, केदारेश्वराचें देऊळ कसें आहे?"

आम्हीं घसा साफ केला आणि सांगूं लागलों. धर्मापुरी हें परळी तालुक्यांतील गांव. येथून पूर्वेच्या बाजूस. केदारेश्वराचें देऊळ अकराव्या-बाराव्या शतकांतील, कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानींतलें, काळ्या पाषाणाचें. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ति आहेत. गांवांतच भुईकोट किल्ला आहे आणि त्याच्या तटांत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसविलेले आहेत. त्या काळीं हा सारा मुलूख कल्याणीस जोडलेला होता, म्हणूनच मराठवाड्यांत ठिकठिकाणीं कानडी शिलालेख निघतात. सहावा विक्रमादित्य १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता. बिल्हण त्याच्याच पदरीं, आणि विज्ञानेश्वरही त्याच्याच राजधानींत. ह्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली, आणि आपलीं एकत्र कुटुंबें पुढें शतकानुशतकें तिच्या नियमांनीं चाललीं. मुलास वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच वांटा, ही व्यवस्था तिच्यांतली. मुलीस तसा जन्मसिद्ध वांटा महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि साऱ्या देशांत २००५ सालीं कायद्यानें मिळाला.

"म्हणजे घरांत वांटा मिळाला," मुलगी हंसून म्हणाली, "रस्त्यांतला अजून मागायचा आहे." मग वहींतून मान वर करून तिनें विचारिलें, "पण आजोबा, तुम्हीं तें देऊळ पाहिलें तेव्हां कसें वाटलें?"

येथें आमची वाणी खुंटली. कारण आम्हीं तें पाहिलें नव्हतें. तीस वर्षें वर्गांत फळ्यावर चालुक्यांची वंशावळ लिहिली. काशी झाली, रामेश्वर झालें, एकदां वेरूळास मुलांची सहल नेली. पण सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येईल अशा धर्मापुरीस जावें असें एकदांही मनांत आलें नाहीं. 'जवळच आहे, केव्हांही जाऊं' ह्या शब्दांनीं आमच्या आयुष्यांतील किती गोष्टी दूर ठेविल्या, ह्याचा हिशेब आम्ही त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या करीत होतों. मुलीस मात्र आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, पाहिलें नाहीं; तूं पाहून ये आणि मला सांग. एका चिठ्ठीवर सुरसुंदरींचे प्रकार लिहून दिले: आरसा पाहणारी ती दर्पणा, पायांतील पैंजण नीट करणारी ती नूपुरपादिका, पत्र लिहिणारी ती पत्रलेखा, झाडाची डहाळी धरून उभी ती शालभंजिका.

सकाळीं ती घाटनांदूरच्या बाजूच्या एस. टी. नें गेली. २०२३ पासून बायकांना एस. टी. चें तिकीट अर्धें झालें आहे. तेव्हांपासून खेड्यांतल्या बायका पूर्वींपेक्षां अधिक हिंडतात असें तिचें निरीक्षण. गाडींत तिच्या शेजारची बाई माहेरीं चालली होती, 'सहजच'. 'सहजच' माहेरीं जाणारी बाई आमच्या लहानपणीं आम्हीं पाहिली नव्हती.

धर्मापुरीचा पुढील वृत्तांत तिच्या तोंडून ऐकिला तसा देतों.

स्टँडवर उतरल्यावर तिनें अटीप्रमाणें एका म्हातारीस वाट विचारिली. म्हातारी डोकीवर जळणाची मोळी घेऊन चालली होती. तिनें हिला आपादमस्तक न्याहाळलें. "एकलीच हिंडतीस व्हय माय? कामाला आलीस का?"

"काम नाहीं. देऊळ बघायला आलें."

"देऊळ बघायला?" म्हातारीला नवल वाटलें. "मंग चल. माझं घर तिकडंच हाय."

दोघी गांवांतून चालल्या तेव्हां मुलीच्या लक्षांत आलें कीं, घरांमागून घरांना कुलपें आहेत. ओट्यांवर म्हातारीं माणसें आणि लहान मुलें, मधलें वय कोठें दिसत नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या बाहेरील वाचकांस ह्याचें कारण सांगितलें पाहिजे. दसरा-दिवाळी झाली म्हणजे बीड जिल्ह्यांतून लक्षावधि माणसें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत साखर कारखान्यांवर जातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरितात. मुकादमाकडून आधीं उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत उसाच्या फडांत पाचटाच्या खोपींत राहावें लागतें. गळिताचा हंगाम संपला म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडीं परत. ह्या म्हातारीचा मुलगा व सून अशींच गेलीं होतीं, आणि नातवंडें दोन तिच्यापाशीं होतीं. मुलगी म्हणते, "आजोबा, मी पाठीला पिशवी लावून हौसेनें निघालें होतें. त्या गांवांतलीं अर्धीं माणसें माझ्याआधींच प्रवासाला गेलीं होतीं, आणि त्यांना कोणी प्रवासी म्हणत नाहीं."

देवळापाशीं म्हातारीनें मोळी उतरविली आणि ती देखील हिच्याबरोबर भिंतीभोंवतीं फिरली. मुलगी चिठ्ठी काढून एकेक मूर्ति ओळखूं लागली. कांहीं ओळखूं आल्या. कांहीं इतक्या झिजल्या आहेत कीं, नुसता कमरेचा बांक शिल्लक आहे. म्हातारीस तिनें नांवें सांगितलीं. तेव्हां ती म्हणाली, "मी नांदायला आले तवापासून ह्या बाया बघते. ह्यांना नांवं असत्याल असं वाटलं न्हवतं." आणि मग ती स्वतःच एकेकीस हात लावून 'हिचं काय? हिचं काय?' असें विचारूं लागली. आमच्या चिठ्ठींतलीं चार नांवें लौकरच संपलीं. मग दोघींनीं मिळून नवीं ठेविलीं. तीं कोणत्याही शिल्पशास्त्रांत नाहींत, म्हणून येथें देत नाहीं.

दुपारीं म्हातारीनें तिला घरीं नेलें. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा. मुलीनें पैसे पुढें केले, तेव्हां म्हातारी रागावली. पैशाऐवजीं तिनें एक काम सांगितलें: "माझा फोटू काढ आन लेकाला पाठीव. देवळापाशी काढ. म्हनावं, आई बरी हाय." दोघी पुन्हां देवळाशीं गेल्या. म्हातारीनें नवें लुगडें नेसलें होतें. फोटो गेला, घटकाभरानें उसाच्या फडांतून मुलाचा फोन आला, आणि मुलगा, सून, नातवंडें सगळीं एकदम बोलूं लागलीं. तेव्हां म्हातारीनेंच ठरविलें कीं, ही पोरगी रात्रीं येथें राहील. सकाळीं किल्ला नीट पाहील. मुलीनें चार वाजतां घरीं तसें कळविलें. आमच्या अटी तिनें अक्षरशः पाळल्या होत्या.

आतां आमचें ऐका. तो निरोप वहिनींनीं वाचून दाखविला आणि आमच्या पोटांत गोळा उठला. ऊसतोड्याचें घर, अनोळखी बाई, कडी असेल नसेल. आम्हीं उठून मोबाइल घेतला आणि त्या बाजूस राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास फोन केला. चांगल्या घरचा, शेतीवाडीचा, आमच्यावर फार भक्ति असलेला गृहस्थ. त्यास म्हटलें, "नात आलेली आहे. जरा लक्ष ठेव. जमलें तर तुझ्याकडेच घेऊन जा."

गुरूची आज्ञा! तो पंधरा मिनिटांत मोटरसायकलवर पत्नीसह म्हातारीच्या दारीं हजर झाला. मुलगी ओट्यावर बसून म्हातारीच्या नातीस वहींत चित्र काढून देत होती. गृहस्थांनीं नम्रपणें सांगितलें कीं, गुरुजींची नात आमच्या गांवीं येऊन अशी राहिली तर आम्हांला तोंड दाखवायला जागा नाहीं. मुलगी नको म्हणाली. त्यांनीं आमचें नांव घेतलें. शेजारचे चारदोन लोक जमले. कोणी खुर्ची आणली. जी मुलगी तोंवर भाकरीस बसलेली पोर होती ती एका क्षणांत मोठ्या घरची पाहुणी झाली. म्हातारी आंत निघून गेली आणि परत बाहेर आली नाहीं. "मी उठलें तेव्हां चुलीवर तवा होता, आजोबा," मुलगी म्हणाली. "तिनें पीठ मळून ठेवलें होतें."

ती रात्र तिनें त्या गृहस्थांच्या घरीं काढिली. त्यांनीं तिचा आदरसत्कार उत्तम केला. त्यांचा ह्यांत अणुमात्र दोष नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तिला किल्ला दाखविला, तटांतले कोरीव दगड दाखविले आणि दुपारीं घरच्या गाडीनें अंबाजोगाईस आणून पोंचविलें. चौथा दिवस तिनें घेतलाच नाहीं. पाठीवरची पिशवी उतरविली आणि आमच्यापुढें येऊन बसली.

"तुम्ही 'बरें' म्हणालां होतां."

आम्हीं म्हटलें, "काळजी वाटली, बाळ. वडीलधाऱ्यांस काळजी वाटूं नये काय?"

"वाटावी. पण ती तुमची होती. तुम्हीं तिचें ओझें त्या आजींच्या दारांत नेऊन टाकलेंत." आणि मग खालच्या आवाजांत म्हणाली, "त्यांना काय वाटलें असेल, तें मला ठाऊक आहे. तुम्हांलाही ठाऊक आहे."

आम्हांस ठाऊक होतें. आमच्या काळजींत भीतीचा अंश किती आणि कुळाच्या अभिमानाचा किती, हें आम्हीं फोन उचलतांना तपासून पाहिलें नव्हतें. तीच मुलगी एखाद्या सुस्थितींतल्या, आमच्या बरोबरीच्या अनोळखी घरीं राहते, तर आमच्या पोटांत गोळा इतक्या तांतडीनें उठला असता काय? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं स्वतःस दिलें, आणि तें आम्हांस आवडलें नाहीं. सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरु महाराष्ट्रांत येऊन गेला. त्यानें येथील लोकांविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, संकटांतल्यानें मदत मागितली तर हे स्वतःची शुद्ध विसरून धांवतात, आणि अपमान झाला तर तो विसरत नाहींत. हा उतारा आम्हीं वर्गांत कितीदां अभिमानानें सांगितला! मोळी टाकून वाट दाखविणारी ती बाई त्या वर्णनांतली, आणि तिचा अपमान करणारेही आम्ही त्याच देशचे.

मुलगी दुसऱ्या दिवशीं पुण्यास गेली. जातांना पायां पडली, पण नेहमीप्रमाणें गळ्यांत पडली नाहीं.

पुढें पंधरा दिवस आमचें वाचनांत चित्त लागेना. एके सकाळीं आम्हीं वहिनींस सांगितलें, "धर्मापुरीस जाऊन येतों." घरांतून चिरंजीव गाडी काढूं लागले, त्यांस नको म्हटलें. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्ही प्रथमच कोणास न कळवितां, कोणाचें काम नसतांना, एकटे एस. टी. त बसलों. गुडघे दुखत होते. पाठीला पिशवी नव्हती. हातांत वहिनींनीं दिलेली लाडवांची डबी होती.

एकट्यानें जाण्यांत काय असतें, हें आम्हांस त्या एका दिवसांत कळलें. सोबत चारजण असले म्हणजे माणूस आपलें घर बरोबर घेऊन हिंडतो. आपलेंच बोलणें, आपलाच फराळ, आपलेच विनोद. एकट्यास विचारावें लागतें. वाट विचारावी लागते, पाणी मागावें लागतें, बसूं का म्हणून म्हणावें लागतें. आणि ज्यास विचारावें लागतें त्यासच गांव उत्तर देतो. आम्हीं तीस वर्षें केवळ उत्तरें दिलीं होतीं.

केदारेश्वर पाहिला. त्याविषयीं विस्तारानें पुढें केव्हां तरी लिहूं. आज इतकेंच कीं, फळ्यावर लिहिलेल्या वंशावळीहून तो निराळा आहे. भिंतीवरच्या एका झिजलेल्या मूर्तीच्या पायाशीं ताजें हळदकुंकू होतें. कोणी वाहिलें असेल, हें विचारण्याची गरज पडली नाहीं.

म्हातारीचें घर सांपडलें. आम्हीं नांव सांगितलें तेव्हां तिनें कपाळाला आठ्या घातल्या. "तुमीच व्हय गुर्जी? पोरीला नेली ती तुमीच." आम्हीं 'होय' म्हटलें. "माझ्या घरी ऱ्हायली आसती तर काय वाघानं खाल्ली आसती? मला वाटलं, आमच्या घरचं चालत नसंल तुमाला. चार भाकरी थापल्या व्हत्या तिच्या वाट्याच्या धरून. सकाळी गाईला घातल्या."

आम्हीं क्षमा मागितली. संस्कृतांत क्षमेचे श्लोक पुष्कळ पाठ आहेत. त्यांतला एकही कामास आला नाहीं. "चुकलें," एवढाच शब्द तोंडांतून निघाला. म्हातारीनें आमच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलें आणि मग म्हणाली, "मंग आता जेवून जा."

आम्हीं अशा घरीं पाणी आयुष्यांत पुष्कळदां प्यालों होतों. पानावर कधीं बसलों नव्हतों. त्या दिवशीं बसलों. भाकरी, पिठलें, कांदा. नातवंडांनीं लाडू खाल्ले. निघतांना म्हातारीनें पदराखालून एक पुरचुंडी काढून दिली. तींत तुरीच्या शेंगा होत्या. "पोरीला धाडा. आन म्हनावं, पुढच्या येळेला माझ्याकडंच उतर. गुर्जींना इचारायची गरज न्हाई."

शेंगा कुरिअरनें पुण्यास पाठविल्या. म्हातारीचा निरोप जसाच्या तसा कागदावर लिहून आंत घातला. शेवटचें वाक्य देखील गाळलें नाहीं. आठ दिवसांनीं मुलीचा फोन आला, तो वहिनींना. चैत्रांत मुलगा-सून परत आल्यावर धर्मापुरीस जाण्याचें दोघींचें ठरलें आहे. आम्हीं विचारिलें, "मी येऊं का?" वहिनी म्हणाल्या, "तिला विचारून सांगतें."

ज्या घरांत अशी पिशवी पाठीस लावून निघणारी मुलगी किंवा मुलगा असेल, त्या घरच्या वडील मंडळींस आमची विनंति इतकीच: अटी घालावयाच्या त्या निघण्यापूर्वीं घालाव्या, आणि 'बरें' म्हटल्यावर फोन खालीं ठेवावा. वाटेंत तिला कोणाचें घर लागेल तें आपण निवडूं शकत नाहीं. तीं घरें आपण कधीं पाहिलीं नाहींत, एवढें तरी आपल्या हातीं सुधारण्यासारखें आहे. सकाळच्या एस. टी. ला गर्दी फार नसते.